पायाळू मी, पन ईज पान्यात पडली

त्या दिवशी कन्हान नदीत आम्ही चौघं होतो. मी, माहे मालक, माहा दीर आन सासू. पाचवं कोनी नव्हतं. आता इतक्या वर्सांनंतर त्यातली मीच राह्यली.

खापा गावाच्या खालतं उन्हाळ्यात नदी आटे. मंधात कमरेएवढी धार तेवढी राहे. दोन्हीकडच्या रेतीत आम्ही टरबुजाची वाडी लावाचो. टरबूज पान्यावर तरंगते. जुन्या जाळ्यात टरबुजं भरून दोघं भाऊ ते जाळं धारेतून ढकलत पल्याड न्याचे. तिथं बैलाची बंडी उभी राहे.

मी पायाळू. जन्मतानी आधी माहे पाय बाहेर आले. आमच्याकडं म्हनत, ईज पायाळू मानसावरच पडते. म्हनून आभाळ गडगडलं का मले सगळ्यायपासून दूर पाठवत. त्या दुपारीबी आभाळ काळं झालं तशी सासू म्हने, "जाय वं, तिकडं दरडीखाली बस. आमच्यावर नको आनू."

मी उठली. जातानी मालकाले म्हटलं, "अजी, तुम्हीबी बाहेर निंगा. गडगडून राह्यलं."

ते धारेतूनच हासले. "तू चालली ना? मंग आम्ही काहून भेवाचं?"

दीर म्हने, "वहिनी, एक टरबूज घेऊन जा. ईज आली का तिले खाले देजा!"

मी दरडीखाली जाऊन बसली. पान्याचा एक थेंब पडला नव्हता. एकदम डोळ्यापुढं पांढरं झालं, कान बंद पडले. पाह्यलं त जाळं एकटंच वाहत चाललं. दोघं भाऊ दिसेनात.

मी धावली. सासू रेतीत पडली होती, ईजेच्या झटक्यानं तिचे पाय उचलत नव्हते. तिथूनच वरडे, "तू नको जाऊ वं, दुसरी ईज पडन!"

मी पान्यात शिरली. दीर काठाशी पालथा होता. केस धरून ओढला, पाठीवर थापा मारल्या, तवा तो पानी ओकला. मालक धारेसंग खालतं गेले होते. त्यायले बाहेर काढलं, अंग गरमच होतं. जळल्याचा डागसुदिक नाई. लई वेळ छाती चोळली. श्वास काही आला नाई.

लोक म्हनत, ईज मलेच शोधत आली होती, मी नाई भेटली म्हनून त्यायले घेऊन गेली. सासू मरेपर्यंत तेच म्हने. मी भांडली नाई. भांडून कोन परत येते?

पुढच्या उन्हाळ्यात मी आन दीरानं पुन्हा वाडी लावली. खाले त लागतेच. पन आभाळ वाजलं का मी त्याले बखोटीले धरून पान्याबाहेर काढो. तो कुरकुर करे, मी आयकत नव्हती.

वाचनाऱ्यायले माहं एवढंच मांगनं आहे. आभाळ वाजलं का, पानी आलं नसलं तरी, नदीतून, तलावातून बाहेर निंगा. उघड्या रेतीवरबी थांबू नका, घरात जा. आन कोन पायाळू आहे ते पाहत बसू नका, सगळेच निंगा.