कळ्या मोजण्याचं काम

मी पेशंटना भेटत नाही. पेशंटचा तुकडा मला भेटतो, तोही मेणात बुडवून, अगदी पातळ कापून, काचेवर गुलाबी-जांभळा रंगवून. त्यामुळे माझ्याशी आजवर कुणी वाद घातलेला नाही. डॉक्टर असूनही दिवाळीची मिठाई आणि नातेवाइकांच्या शिव्या, दोन्हींतलं मला काही मिळत नाही. लखनऊत येऊन अर्धं आयुष्य झालं, पण निशातगंजच्या बाजारातले सब्जीवाले भैया मला अजून ‘टीचरजी’च म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही. काय सांगणार? भैया, मी अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या गाठी वाचते आणि माणूस किती जगेल याचा अंदाज बांधते, असं? मग तो मला भेंडी निवडू देईल का?

अंदाज बांधण्याची आमची रीत आहे. गाठ जिथे संपते आणि चांगलं ऊतक सुरू होतं, त्या कडेवर काही पेशी दोन-चारच्या टोळक्याने फुटून बाहेर पडलेल्या दिसतात. त्यांना आम्ही कळ्या म्हणतो. हे नाव ज्याने ठेवलं त्याला एक तर बागेची फार आवड असावी, नाही तर माणसांची अजिबात नसावी. कळ्या जास्त असतील तर लक्षण वाईट. गाठीभोवती लिम्फोसाइट, म्हणजे शरीराचे पहारेकरी, दाटीने जमले असतील तर लक्षण चांगलं. आणि गाठीच्या आत तंतूंचा पसारा फार माजला असेल तर पुन्हा वाईट. स्लाइड बघून मी या तिन्हींना स्कोअर देते, आणि आमच्या संशोधनात तो पेशंटच्या पुढच्या वर्षांशी ताडून बघतात.

ताडून बघणारा माणूस माझा नवरा. तो माझ्याच संस्थेत संख्याशास्त्रज्ञ आहे आणि लोक किती जगले याचे उतरते आलेख काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. शिस्तीला फार कडक. स्लाइड कुणाची आहे हे वाचणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून प्रत्येक काचेवर नुसता नंबर असतो आणि कुठला नंबर कुणाचा हे फक्त त्याला माहीत असतं. एकदा एका काचेवर चुकून वॉर्डचं नाव राहिलं, तर या गृहस्थाने माझी अख्खी बॅच रद्द केली. बायको म्हणून सूट सोडाच, उलट बायको म्हणून दुप्पट संशय. आणि त्याचं एक लाडकं वाक्य आहे, जे तो विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना आणि एकदा तर आमच्या गॅसवाल्यालाही ऐकवून आला आहे: “आकडे गटाबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल नाही.”

मागच्या उन्हाळ्यात हा माणूस जेवताना म्हणाला, “घास अडकतोय गं.”

आता लखनऊत धड ज्वारीचं पीठ मिळत नाही. सोलापूरहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत जबरदस्तीने कोंबून ते आणवायचं, त्याची भाकरी थापायची, आणि वर हे ऐकायचं. मी म्हटलं, “मग ब्रेड खा.” तो बिचारा ब्रेड खायला लागला. पुढे ब्रेड दुधात बुडवून. पुढे नुसतं दूध. माझ्या विषयाच्या पुस्तकातलं पहिलं पान माझ्याच जेवणाच्या टेबलावर रोज उघडत होतं, आणि मी भाकरीवरून रुसून बसले होते.

दुर्बीण घालून तुकडा काढला, तो आमच्याच विभागात आला. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. ती वाचली माझ्या धाकट्या सहकारी बाईने. वाचून झाल्यावर ती माझ्या खुर्चीमागे येऊन नुसती उभी राहिली. मी मान वर केली नाही. ती म्हणाली, “दीदी, वही है.”

मग ठरल्याप्रमाणे सगळं सुरू झालं. आधी केमो आणि किरणांचा शेक, नंतर ऑपरेशन. इलाजासाठी जे लागतं ते रिपोर्टात होतं. कळ्या आणि पहारेकरी त्यात नव्हते. ती मोजणी संशोधनापुरती, मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

त्याने मागितली.

“मला माझा स्कोअर हवाय,” तो म्हणाला. गावाला जायचं तर हा चार महिने आधी तिकीट काढून ठेवणारा माणूस.

“आकडे गटाबद्दल बोलतात,” मी त्याचंच वाक्य त्याच्या अंगावर टाकलं.

“हाँ, पण आता गटात मी आहे ना यार.”

त्याने योजनाही आखून ठेवली होती. त्याच्या तुकड्याची एक जादा स्लाइड पुढच्या बॅचमध्ये नंबर लावून मिसळायची. नंबर ती सहकारी बाई चिकटवणार. मी नेहमीसारखी न कळता वाचणार. त्याचा नंबर कुठला ते तो एकटा बघणार, मी विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. तो म्हणाला, कळ्या मोजण्यात तुझ्याइतका भरवसा मला कुणाचा नाही. लग्नानंतर त्याने केलेलं हे पहिलं धडधडीत कौतुक, आणि ते यासाठी! मी चिडले. आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या भांडणात शेवटी तो शांतपणे म्हणाला, “बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांच्या मोजतेस ना?”

मी हो म्हटलं.

बॅच वाचली त्या दुपारी विभागात कुणीतरी मलिहाबादहून दशहरीची पेटी आणून ठेवली होती आणि सगळ्या खोलीला आंब्याचा वास होता. मी एकेक स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवत गेले. ही असेल? की ही? इतकी वर्षं ज्याच्या घोरण्याने माझी झोप मोडली, त्याला ओळखायला काचेवर एकही खूण नव्हती. मला भीती वाटत होती, पण मी काम नेटाने केलं. जिथे शंका आली तिथे पुन्हा मोजलं आणि आधीचा आकडा खोडून नवा लिहिला. इतक्या काळजीने आपण आयुष्यात कधी वाचलं नसेल, असं वाटून थोडा अभिमानही वाटला.

त्यानंतर मी नवरा वाचायला लागले. त्याने नव्या चपला आणल्या की माझा दिवस चांगला जायचा. त्याने कपाटातले जुने कागद फाडायला काढले की दिवस वाईट. आमरसाची दुसरी वाटी मागितली, चांगलं लक्षण. बहिणीला फोन करून उगाचच लहानपणच्या गोष्टी काढल्या, वाईट लक्षण. असल्या लक्षणांवर कुणी प्रबंध पाठवला असता तर मी तो परत पाठवला असता.

एका रविवारी त्याने मला लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर ठिपकेच ठिपके.

“हे तुझं आजवरचं वाचन,” तो म्हणाला. “आणि ही आत्ताची बॅच.”

आत्ताच्या बॅचचे ठिपके एका बाजूला गोळा होऊन बसले होते. मला लगेच कळेना.

“कळ्या सगळ्यांच्या कमी. पहारेकरी सगळ्यांचे जास्त. लखनऊचा कॅन्सर एका दुपारीत सुधारला का गं?”

“मी नीट मोजल्यात,” मी म्हटलं. “शंका आली तिथे दोनदा मोजल्यात.”

“तेच तर. दोनदा मोजलंस, आणि दर वेळी दुसऱ्यांदा कमी भरल्या.”

तो हसायला लागला, ठसका लागेपर्यंत हसला. पाणी एकेक घोट करून प्यायला. मग डोळे पुसत म्हणाला, “तू सगळ्यांनाच वाचवलंस. बॅच रद्द.”

मला इतका संताप आला की मी उभीच राहिले. मला लबाड ठरवायला ही सगळी योजना होती का? “तुझी कुठली ते सांग,” मी ओरडले. “आत्ता मोजते. तुझ्यासमोर मोजते. सांग!”

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“माझी त्यात नव्हती,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“नंबर लावायला दिली होती. आदल्या दिवशी जाऊन परत मागून घेतली.”

“पण का? तुलाच तर हवं होतं.”

“तू खरं मोजलं असतंस तर?”

मी परत खुर्चीवर बसले. त्याची स्लाइड आता कुठे आहे, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

काही दिवसांनी नंबर बदलून तीच बॅच माझ्यासमोर आली. त्यात तो नाही, हे आता मला माहीत होतं. मी एकेक स्लाइड लावली आणि मोजत गेले. मला रडू येत होतं, मधेच चष्मा काढून पुसावा लागत होता. पण या वेळी प्रत्येकाच्या कळ्या होत्या तेवढ्याच भरल्या.