निरोप कोणाकडे द्यावा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत माणसांनी आजवर जितके फॉर्म भरले, त्यांतले निम्मे आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांनी छापले होते आणि उरलेले निम्मे चुकीचे छापले गेले होते, असं निदान चाचांचं तरी मत होतं. बल्लारपुरात त्यांचा लहानसा छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ते दाखल्यांचे, अर्जांचे, पावत्यांचे नमुने छापत. पुढे ऑफसेट छपाई आली, छापखाना बसला आणि उतारवयात चाचा चंद्रपूरला आमच्या नर्सिंग कॉलेजात, माझ्याच प्रवेश विभागात, कारकून म्हणून लागले. रोज सकाळी बल्लारपूरहून निघताना ते माझ्या स्कूटरवर मागे बसत आणि कॉलेज येईपर्यंत रस्त्यावरच्या पाट्यांचं शुद्धलेखन तपासत.

दोन हजार सातच्या सुमारास कॉलेजची वेबसाइट झाली. ती बनवणारा माणूस नागपूरहून आला, आम्हाला पासवर्ड देऊन सांगून गेला, की आतून कोणालाही फॉर्म तयार करता येतो. रकाना उचलायचा, हवा तिथे ठेवायचा, त्याला नाव द्यायचं. जो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये असं वाटतं, त्यावर खूण केली की शेजारी लाल चांदणी उमटते. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे यातले खिळे कधी सरतच नाई?" नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ते कॉम्प्युटरच्या मशीनसमोरून हलेनात. रकान्याची लांबी ते स्टीलची पट्टी थेट पडद्याला लावून मोजत आणि नावाचा रकाना हातभर ठेवत. "नावाची जागा लहान ठेवली का माणूस आधीच अर्धा होते, भाऊ," असं त्यांचं म्हणणं. दुपारचा चहा किती वाजता यावा यासाठीही त्यांनी वेबसाइटवर फॉर्म चढवला. तो दूर कुठल्याशा गावच्या तीन अनोळखी माणसांनी मनापासून भरला, आणि चाचांनी तिघांनाही उत्तर पाठवलं. प्रत्येक यादीच्या शेवटी 'इतर' हा पर्याय असलाच पाहिजे, हाही त्यांचा हट्ट. 'लिंग' आणि 'होय की नाही' या दोन ठिकाणी मी तो काढायचो, ते परत घालायचे.

फॉर्म बरोबर चालतो का, हे पाहायला ते स्वतःच तो भरत, आणि खोटी माहिती भरतानाही हात आखडता घेत नसत. पहिल्या वर्षी गुणवत्ता यादी लागायच्या आदल्या दिवशी प्राचार्य मॅडमनी आम्हाला बोलावलं. "ही पहिली आलेली चंद्रकला कोण? एक्याण्णव टक्के आहेत आणि फोन लागत नाही."

चाचा म्हणाले, "मॅडम, ते मीच आहो."

मॅडम कडक होत्या, पण हसू त्यांनाही आवरलं नाही. मात्र मोबाईल नंबरच्या रकान्यावर लाल चांदणी हवीच, यावर त्या ठाम राहिल्या. चाचा दोनदा सांगून आले, की भामरागडकडे मोबाईल कुठून आणायचा, ही चांदणी काढा. मॅडम म्हणाल्या, "मग निवड झाल्याचं कळवायचं कसं?" चांदणी राहिली.

यादी लागली आणि निवड झालेल्या मुलींना आम्ही फोन करू लागलो. तेव्हा दिसलं, की चार मुलींचा नंबर एकच आहे. मी तो लावला. अहेरीच्या एका इंटरनेट कॅफेवाल्याने उचलला. "नंबर टाकल्याशिवाय तुमचा फॉर्म समोर सरकूनच नाई राह्यला होता, म्हणून माहा टाकला. त्या पोरी त गावाले गेल्या. आता पूर आहे, भामरागडचा रस्ता बंद आहे." प्रवेश घ्यायला आठ दिवस उरले होते.

चाचांनी रजा टाकली, निवडीची चारही पत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि ते एस.टी.ने अहेरीला गेले. तिथल्या बाजारात ते दोन दिवस बसले. भामरागडकडच्या माणसाला हाक मारायची, गाव विचारायचं आणि तो त्या वाटेचा निघाला तर निरोप सांगून पत्र हातात द्यायचं. एकाने पत्र नदीपर्यंत न्यायचं, दुसऱ्याने डोंग्यातून पलीकडे, तिसऱ्याने पुढे पायी, असा तो सगळा कारभार. परत आले ते ताप घेऊन.

सहाव्या दिवशी दोन मुली आल्या. तिसरी शेवटच्या दिवशी कचेरी बंद होता होता, गुडघ्यापर्यंत चिखलात, वडिलांबरोबर. चौथी, जानकी, आली नाही. तिला निरोप पोचला की नाही, तेही कळलं नाही. तिची जागा पुढच्या नावाला गेली.

पुढच्या वर्षी मॅडमनी आपण होऊनच ती चांदणी काढायला सांगितली. चाचांनी तिथे एक नवा रकाना ठेवला, नावाच्या रकान्याहूनही लांब: 'निरोप कोणाकडे द्यावा?' त्यात उत्तरं येऊ लागली. 'बाजारात मिठाचं दुकान लावणारे अण्णा.' 'आलापल्लीच्या गाडीचे मिशीवाले कंडक्टर.' 'आश्रमशाळेतली स्वयंपाकीण बाई, माझी मावशी लागते.' आम्ही त्याबरहुकूम पत्रं धाडली आणि ती पोचली. चाचा ही उत्तरं मला मोठ्याने वाचून दाखवत.

पण त्याआधी, रोज सकाळी, ते आलेल्या अर्जांची यादी उघडून 'ज'पाशी थांबत. हे माझ्या उशिरा लक्षात आलं. जानकी त्या वर्षी आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. चाचा निवृत्त व्हायच्या वर्षी अर्जांची मुदत संपली, त्या संध्याकाळी त्यांनी यादी एकदा वरून खालपर्यंत पाहिली आणि मशीन बंद केलं.

"लग्न झालं असंन तिचं," मी म्हणालो.

"असंन," ते म्हणाले. "नाईतर दुसऱ्या कॉलेजात गेली असंन. तेही होते."

मी स्कूटर काढली. ते मागे बसले. बल्लारपूर येईपर्यंत त्यांनी एकही पाटी वाचली नाही.