गौरीचे दोन वाढदिवस

"माटोळी बांधताना कळा सुरू झाल्या," शर्मिला म्हणाली, आणि माझं पेन कार्डावर तसंच थांबलं.

माटोळी म्हणजे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांनी सजवलेली चौकट. माझ्या हातातल्या कार्डावर मात्र तिच्या लेकीची जन्मतारीख दिवाळीनंतरची होती. आणि दिवाळीत माटोळी आमच्या पेडण्यात तरी कुणी बांधत नाही.

मुलीचं नाव गौरी. चवथीत येते ती गौरी. एवढं ढळढळीत नाव कार्डावर लिहूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता, हे आधीच कबूल करून टाकते.

मी लहान मुलांच्या वाढीची तपासणी करते. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं आमच्या छोट्या सेंटरवर ठरावीक महिन्यांनी फॉलो-अपला येतात. मी चटईवर ठोकळे, घंटी आणि चित्रं मांडून बसते. बाळ खेळतं, मी लिहिते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी खाली बसून खेळायचा पगार घेणारी आपली आई गोव्यात एकटीच असेल, असं माझ्या मुलीचं मत आहे. उठताना गुडघ्यांचा आवाज येतो, तो बाळांना घंटीपेक्षा जास्त आवडतो.

या कामात एक हिशेब फार महत्त्वाचा. गौरी अडीच महिने आधी जन्मली. तिची तुलना पूर्ण दिवसांच्या बाळाशी करणं अन्यायाचं. म्हणून पहिली दोन वर्षं आम्ही तेवढे महिने वयातून वजा करतो. याला करेक्टेड एज म्हणतात. बाळ कधी जन्मलं ते न धरता कधी जन्मायला हवं होतं ते धरायचं.

हे सगळं मी पहिल्याच भेटीत गौरीच्या आजीला समजावलं होतं. हळर्णचं शेतकरी घर, आजीचा शब्द शेवटचा. गौरीचे वडील ट्रक चालवतात, ते घरी कमीच. आजीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हिचो खरो वाढदीस दिवाळी जाल्याउपरांत?"

"अगदी बरोबर, आजी!" मी खूश होऊन म्हटलं. इतक्या पटकन समजून घेणारी आजी मला वर्षभरात भेटली नव्हती.

पुढच्या पावसात सेंटरचं छप्पर गळलं आणि खालच्या कप्प्यातली कार्डं भिजून लगदा झाली. नवी कार्डं करताना मी प्रत्येक बाळाच्या घरच्यांना जन्मतारीख विचारली. आजीने दिवाळीनंतरची तारीख घडाघडा सांगितली. मी लिहिली. मग त्या तारखेवरून निघालेल्या वयातून शिस्तीने अडीच महिने वजा केले.

आमच्या कार्डावर 'घरची पार्श्वभूमी' असा एक रकाना असतो. तो उगाच नसतो. लवकर जन्मलेल्या मुलाची समज पुढे कशी वाढते, यात घराचा मोठा वाटा असतो. बाळाशी किती बोलतात, त्याच्याशी कोण खेळतं, आई किती शिकलेली आहे, हे आम्ही विचारतो. गौरीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'आजी समजूतदार, सहकार्य करते. आई आठवी, काळजीखोर.'

शर्मिला माहेरची सिंधुदुर्गातली. ती लागोपाठ तीन भेटींत एकच गोष्ट सांगत होती.

"बाई, मी हाक मारलंय तरी ही बघणा नाय."

"घंटी वाजवली तर वळते की."

"घंटी ऐकता. पोदेराचो भोंपो वाजलो की दाराकडे बघता. माझी हाक मात्र ऐकणा नाय."

पोदेर म्हणजे सकाळी सायकलवर पाव विकायला येणारा. मी हसून म्हटलं होतं, "मग कान उत्तम आहेत. पावावर लक्ष आहे पोरीचं!"

आजीही सुनेकडे बघून हसली. "हिका सगळ्याचो भंय. सातव्या म्हयन्यातलें भुरगें, सावकाश जातलें म्हूण बाईंनी सांगलां मगे?"

सातव्या महिन्यातलं मूल सावकाश जाईल, असं बाईंनी सांगितलं होतं खरं.

त्या मे महिन्यात चौथी भेट होती. गौरीने ठोकळे नीट एकावर एक ठेवले, डबा उघडला, बाहुली शोधली. शब्द मात्र एकही नाही. माझ्या हिशेबाने ती साडेपंधरा महिन्यांची. थोडं थांबायला हरकत नव्हती. एस.टी. बदलत यायचा त्रास नको म्हणून आजी म्हणाली, आता सहा महिन्यांनी येतो. मीही 'पुढची भेट सहा महिन्यांनी' लिहायला घेतलं. शर्मिला माझ्याकडे न बघता ठोकळे डब्यात भरू लागली. ते मला टोचलं, म्हणून विषय बदलायला मी बाळंतपणाचं विचारलं. तेव्हा माटोळी निघाली.

"आजी, गौरी जन्मली कधी?"

"चवथीच्या दुसऱ्या दिसा."

"मग मला दिवाळीनंतरची तारीख का सांगितलीत?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ठोकळे मलाच लावता येत नाहीत. "तुमीच सांगलें न्हय, खरो वाढदीस तो म्हूण? आमी केकसुद्धां त्याच दिसा कापलो."

मी बोटांवर मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर मोजलं. गौरी साडेपंधराची नव्हती. सगळं वजा करूनही अठरा महिने पूर्ण झाले होते. अठराव्या महिन्यात एकही शब्द नसेल तर आम्ही थांबत नाही. पुढे पाठवतो.

मी आतल्या खोलीत डॉक्टरांकडे गेले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे चूक सांगायला जास्तच जड जातं.

"डॉक्टर, गौरीचं वय दोनदा कापलं गेलंय."

"दोनदा कसं?"

"एकदा आजीने, एकदा मी."

"शब्द?"

"एकही नाही."

"आई काय म्हणते?"

"हाक ऐकत नाही म्हणते. तीन भेटी झाल्या."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

मी कार्ड पुढे केलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आईला शंका असेल तर कान तपासायचे. त्याला वय कशाला मोजायला हवं?"

हे वाक्य मी स्वतः ट्रेनिंगमध्ये नव्या मुलींना शिकवते.

बाहेर येऊन मी शर्मिलासमोर बसले. म्हटलं, "माझं चुकलं. तू बरोबर सांगत होतीस."

तिने गौरीच्या पायातला बूट नीट केला. मग म्हणाली, "बाई, मी आठवी शिकलंय. वाचूक येता माका. तुमी माझ्या समोर बसान लिवतात, तरी उलटा पण वाचूक येता."

म्हणजे 'काळजीखोर' तिने वाचलं होतं. तरी ती पुढच्या भेटीला आली होती.

मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. भोंपू आणि घंटी पोचत होती. आईचं हलक्या आवाजातलं बोलणं अर्धंमुर्धं पोचत होतं. जन्मानंतरच्या तपासणीत पास झालेल्या मुलांनाही असं नंतर होऊ शकतं. शर्मिलाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने फक्त दिवसभर लेकीकडे पाहिलं होतं.

कानांना यंत्रं बसली. उरलेलं काम शर्मिलाने केलं. काजू गोळा करताना, भांडी घासताना, वेणी घालताना ती समोर बसून पोरीशी बोलत राहिली. मी तिला चार युक्त्या सांगितल्या, तिने त्यांच्या चाळीस केल्या. गौरीचा पहिला शब्द 'पाव'. 'आजी' हा पाचवा की सहावा, याचा आजीला अजून राग आहे.

आता गौरी चार वर्षांची आहे. परवा ती मलाच रंग शिकवत होती आणि मी मुद्दाम चुकले की कपाळावर हात मारत होती. निघताना मी विचारलं, "आजी, आता वाढदिवस कधीचा करता?"

"दोनूय करतां," आजी म्हणाली. "तुमी परतें वजा केलें जाल्यार एक तरी उरतलो."

शर्मिला इतकी मोठ्याने हसली, की गौरीने यंत्रावर हात ठेवला.

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याला आश्चर्य वाटलं नाही. आमटीत मी मीठही दोनदा घालते, असं त्याचं म्हणणं. कार्डावर मात्र मी एक बदल केला आहे. 'घरची पार्श्वभूमी' खाली गेली. सगळ्यात वरचा रकाना आता 'आई काय म्हणते' हा आहे. तो मी आईच्याच हाती देते, भरायला. त्यामुळे कुणाला उलटं वाचायची वेळ येत नाही.