एकेचाळीस पाचरी

गाडी सिग्नल ओलांडून पुढं गेली. थोडीथोडकी नाही, चांगले तीन डबे.

सीटवर इंगवले होते. उभी हयात सपाटीवर मालगाडी चालवलेला माणूस, रिटायर झाल्यावर एका ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकाऊ ड्रायव्हरांना शिकवतात. ते सेंटर आमचं क्लायंट. इंगवल्यांनी ब्रेकचं हँडल सोडलं, पडद्यावरच्या लाल दिव्याकडं रागानं बघितलं आणि मला म्हणाले, "सुतार, ह्यो रूट खोटा हाय."

मला आतून काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! गेले तीन आठवडे मी ऑफिसात हेच बोंबलत होतो.

आमची कंपनी राजारामपुरीत आहे. आम्ही ट्रेन सिम्युलेटर बनवतो. इंजिनाची नकली केबिन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तयार होते, आणि तिच्या काचेपुढं जे पळताना दिसतं ते आम्ही इथं बनवतो. रूळ, चढउतार, सिग्नल, स्टेशनं, या सगळ्याला मिळून रूट म्हणतात. रूट ज्या सॉफ्टवेअरमध्ये बांधतात, तो एडिटर. मी मूळचा ड्राफ्ट्समन. जुन्या एडिटरवर रूट बांधायला या कंपनीत पहिला बसलो तो मी, आणि पुढं सगळ्यांना शिकवलंही मीच.

जुना एडिटर म्हणजे एक करडी खिडकी आणि आकड्यांचे रकाने. उतार किती, लांबी किती, सगळं हातानं भरायचं. उतार आम्ही 'चाळिसाला एक' असा सांगतो, म्हणजे चाळीस मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. नवीन एडिटरमध्ये खरी जमीन दिसते, माउसनं रूळ ओढायचा, आणि दोन उतारांमधला सांधा तो स्वतःच गोल करून देतो. न विचारता. माझी तक्रार तीच होती. मी पेठ वडगावच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी सोडून आत बघणारा माणूस. मला न विचारता जो सांधे गोल करतो, तो आणखी काय काय करत असेल?

हा घाटाचा रूट मी आठ वर्षांपूर्वी जुन्यावर बांधला होता, आणि सेंटरमध्ये आजवर तोच चालत होता. आता शबाना मुजावरनं रेल्वेच्या मूळ नकाशावरून तोच घाट नवीनवर पुन्हा बांधला. इंगवल्यांची गाडी सिग्नल ओलांडून गेली ती याच नव्यावर. शबाना आमच्याकडची सॉफ्टवेअर इंजिनिअर, कामाला वाघ, पण नव्या एडिटरचं भलतंच कौतुक. दोन्हींतला एक रूट शनिवारी सेंटरला द्यायचा होता. घाट उतरताना ब्रेक कधी लावायचा, हे तिथली पोरं त्यावरच शिकणार. आणि कागदावर 'तपासणारा' म्हणून सही माझी.

आमचे चौगुले साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी इंगवल्यांचं ऐकलं आणि लगेच म्हणाले, "मग सुतार काका, जुनाच देऊया की. क्लायंटला सवय हाय. करा सही, मिटवा विषय."

साहेब इतक्या पटकन माझ्या बाजूला आलेले मी कधी बघितले नव्हते. मला त्याचाही संशय आला. म्हटलं, "दोन दिवस द्या. नवीन एडिटर नेमका कुठं चोरी करतोय, ते पकडून देतो. नाहीतर पुढच्या रूटला हीच कटकट."

"पकडा, पकडा," साहेब हसले.

इंगवले म्हणाले, "मी शनिवारी परत येतो. पर ह्या नव्यात पोरास्नी बसवायचा न्हाय मी, आत्ताच सांगतो."

दुसऱ्या दिवशी शबाना जेवायला गेली आणि मी तिच्या मशीनवर जाऊन बसलो. वाईट दिसतं, कळत होतं मला. पण माझी खात्री होती की तिनं कुठंतरी उतार आपोआप बदलायची परवानगी देऊन ठेवली असणार. सेटिंगमागून सेटिंग उघडत गेलो. सगळ्या परवानग्या बंद.

"काका, माझ्या मशीनवर काय शोधताय?"

डबा हातात घेऊन ती मागं उभी होती. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. म्हणालो, "तू उतार वाढवलेत का, ते बघतोय."

तिचा चेहरा पडला. मग तिनं डबा टेबलावर ठेवला. "मला विचारायचं की सरळ! बरं, आता तुम्ही माझं बघितलंत. उठा, मी तुमचं बघणार."

न्याय होता. नाही कसं म्हणणार? आम्ही माझ्या मशीनवर बसलो. ती माझ्या जुन्या फाइलमधले उतार वाचणार, मी मूळ नकाशावर बोट ठेवून ताडून बघणार. पहिला उतार बरोबर. दुसरा बरोबर. मी मनात म्हटलं, बघ म्हणावं.

"काका, प्रत्येक दोन उतारांच्या मधे वीस मीटर सपाट आहे. नकाशात आहे का?"

"नाही. ती पाचर आहे."

"काय आहे?"

मी अभिमानानं सांगितलं. जुन्या एडिटरमध्ये दोन उतार थेट जोडले की सांध्यावर गाडी उडी मारायची. कधी कधी डबा रुळावरून खाली. मग मी युक्ती काढली. मधे वीस मीटरचा सपाट तुकडा बसवायचा, आणि लांबी वाढू नये म्हणून तेवढाच उतार कापायचा. धक्का गायब! माझं आडनाव सुतार, म्हणून ऑफिसातल्या लोकांनी त्या तुकड्याला पाचर नाव दिलं. आजही जुन्यावर काम करणारा प्रत्येक जण पाचर मारतो.

"वीस मीटरनं काय होतंय?" मी म्हटलं.

शबानानं फाइल पुन्हा वर सरकवली. घाटमाथ्यापासून पायथ्याच्या सिग्नलपर्यंत तिनं पाचरी मोजल्या. एकेचाळीस. म्हणजे आठशे वीस मीटर उतार मी कापला होता. ब्रेक लावलेली गाडी सपाटीवर पटकन आवरते, आणि माझ्या घाटात तिला अशी एकेचाळीस वेळा उसंत मिळत होती.

"सरासरी चाळिसाला एक धरला तरी साडेवीस मीटर खोली कमी झाली," ती म्हणाली. "मग काका, खालचं स्टेशन साडेवीस मीटर वर लटकायला पाहिजे. तुमच्याकडं तर ते नीट जमिनीवर आहे."

मी नकाशावरचं बोट उचललं. आठवलं. आठ वर्षांपूर्वी ते स्टेशन खरंच हवेत लटकलं होतं. डिलिव्हरी तोंडावर आलेली. उंची जुळेना म्हणून मी पायथ्याची सगळी जमीन सिलेक्ट केली आणि वर उचलली. गाव, शेतं, ओढा, सगळं. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की रेल्वेचा नकाशा चुकला असेल. साऱ्या जगावर संशय घेणारा मी, स्वतःवर तेवढा घेतला नव्हता.

"मी जमीन उचललीय," मी म्हणालो.

शबानानं तोंडावर हात ठेवला. हसू दाबत होती की काय, कुणास ठाऊक. मग हळूच म्हणाली, "आणि मला विचारत होता, उतार वाढवलेस का!"

लाज वाटली. त्या रात्री जेवण गेलं नाही. सही करून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. साहेब माझ्या बाजूचे, क्लायंट माझ्या बाजूचा. शबाना बोलली असती, तर तिचं ऐकलं कुणी असतं? आणि पोरं पुन्हा त्याच गरीब घाटावर शिकून खऱ्या घाटात गेली असती.

शनिवारी इंगवल्यांच्या समोरच सगळं सांगितलं. चौगुले साहेब बघतच राहिले. "अहो काका, चोर नव्यात हाय म्हणत होता न्हवं?"

"जुन्यात निघाला. मीच."

इंगवले खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "आट वर्सं मी पोरास्नी त्या सिग्नलला ब्रेक कुठं लावायचा ते शिकवतोय. तुमच्या पाचरींवर?"

"व्हय."

"खऱ्या घाटात सुरवातीला शेजारी जाणता ड्रायव्हर असतोय, म्हणून निभावलं. न्हायतर?" त्यांचा आवाज चढला, आणि मला तो चढायलाच हवा होता. "एकेकाला परत बोलवून बसवणार मी. तुमी पण यायचं तिथं, सुतार. तुमीच सांगायचं त्यास्नी."

"येतो."

मग ते तडक केबिनमध्ये गेले. नवीन रूट लावायला सांगितला. या वेळी ब्रेक बराच आधी लावला, सारखं आकड्यांकडं बघत, ओठ आवळून. गाडी सिग्नलच्या एक डबा अलीकडं थांबली. इंगवल्यांनी रुमालानं मान पुसली. "ह्यो घाट हाय," म्हणाले. मी नव्या रूटवर सही केली.

सेंटरला जाऊन आलो. पोरांपुढं उभं राहून 'चूक माझी' म्हणणं सोपं नव्हतं, पण केलं.

जुना एडिटर काढून टाकलेला नाही. त्यात माझे आणखी चार रूट आहेत, ते सगळे तपासायचे आहेत. मी बांधलेला रूट आता मी तपासत नाही, शबाना तपासते. ती प्रत्येक स्टेशनपाशी थांबते आणि विचारते, "काका, इथं जमीन उचललीय का?" मी आठवून खरं ते सांगतो. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि तरी स्वतः मोजून बघते.

बरोबर करते.