दगडूनानांची म्हैस

चौसाळ्याच्या बाजारात गेवराईकडच्या एका गाडीवानानं सांगितलं, दगडूनाना गेले... जेवून बाजेवर टेकले आणि झोपेतच संपले. त्याला महिना झाला, पण नाना आठवले की अजून आधी हसूच येतं.

नाना सुतार. गोदावरीकाठी बाभळींच्या सावलीत त्यांचा नावा बांधायचा कारखाना होता. मी पैलतीरावरच्या शाळेचा मास्तर, माझी जा-ये त्यांच्याच नावेतून. बैलगाड्या तराफ्यावरून पार होत, पण पाणी चढलं की तराफा कुणाला जुमानत नसे. तो ओढायला म्हणून नानांनी आठ वल्ह्यांची आखूड, रुंद, जाडजूड नाव बांधली. लोक तिला म्हैस म्हणून हसले. नाना म्हणाले, "म्हसच हाय. पान्यात तिच्यावानी कोन टिकतंय?"

त्याच वर्षी पंचमीला माहेरी निघालेल्या लेकीबाळींनी भरलेला तराफा दोर तुटून धारेला लागला. नाना सात गडी घेऊन मागे गेले, दोर फेकला आणि कोसभर खाली तो तराफा काठाला लावला. पोरी भिजून चिंब, पण सगळ्या सुखरूप. त्यातली एक तर पुरणपोळ्या भिजल्या म्हणून नानांवरच रागावली होती.

पुढं नव्या नावा आल्या, म्हैस काठावर चढली. ती सरकारी पैशातून बांधलेली, म्हणून तहसील कचेरीचा हुकूम आला, जुनी नाव फोडून तिचं सागवान कचेरीच्या दारांना वापरावं. तहसीलदार माणसं घेऊन आले, तर नाना नावेत मांडी घालून बसलेले. मी सरकारी नोकर, बाभळीआडून बघत होतो. नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, हुकूम कबूल हाय. पन हिनं ज्यांना काठाला लावलं त्यांना एकदा इचारा."

पंचमीचे दिवस, लेकी माहेरी आलेल्या. बातमी पसरली तशा त्या आल्या, कुणी कडेवर लेकरू घेऊन, आणि एकेक करत नानांशेजारी नावेत बसल्या. तहसीलदारांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग जोडे काढून तेही क्षणभर नावेत बसले आणि दारांसाठी दुसरं लाकूड बघा म्हणाले. नानांनी नावेवर छप्पर घातलं.

परवा समाचाराला गेलो. नानांची बायको, आमच्या काकू, छपराखाली बसून नावेला जवसाचं तेल चोळत होत्या. दर वर्षी हे काम नाना करायचे. मी सांत्वनाचं बोलू लागलो, तोच काकूंनी तेलाचा दुसरा बोळा माझ्यापुढं केला.

"मास्तर, ती बाजू तुमी घ्या."