केलेपीच्या गोळ्या

माझा नवरा केलेपी वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. सहा फूट दोन इंचांचा बाप्या, चौदा वर्षं ऑकलंडच्या मांगेरे भागात बस चालवली, एकाही प्रवाशाने कधी तक्रार केली नाही. पण कोणी काही मागितलं की देऊन मोकळा. शेजाऱ्याला शिडी दिली ती चार वर्षं परत आली नाही. आणि आत्याला काही हवं असलं, तर तिला वाक्य पुरं करायचीही गरज पडत नाही.

आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांत बापाची बहीण म्हणजे सगळ्यांच्या वर. लग्नात पहिला मान तिचा, मयतात प्रेताच्या उशाशी बसायची तीच. तिने मागितलं की द्यायचं, कारण विचारायचं नाही. मी तर सून. मी चटईच्या कडेला बसते आणि विचारलं तरच बोलते. हे मला पटतं की नाही, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

लविनिया आत्या मात्र नुसत्या मानाची धनीण नाही, यात मी खोटं बोलणार नाही. केलेपी अकरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. आत्याने भावाच्या उशाशी बसून सगळ्यांदेखत सांगितलं, "यापुढे आमच्या घरातल्या कोणाच्या पोटाला सुरी लागणार नाही." मग पोराला स्वतःच्या घरी नेलं, वाढवलं, इकडे ऑकलंडला आणलं, शाळेचे कपडे रात्रपाळी करून शिवले. तिचं ऋण फिटण्यातलं नाही. हे केलेपीही जाणतो आणि मीही.

तीन वर्षांपूर्वी केलेपीचं वजन होतं एकशे ब्याऐंशी किलो. साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले, झोपताना नाकाला मशीन. डॉक्टर म्हणाले, पोट लहान करायचं ऑपरेशन करून घे, नाहीतर मुलीचं लग्न बघायला तू नसशील. केलेपी लगेच हो म्हणाला. गाडीत बसल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. "आत्याला काय सांगायचं?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की खरं सांग. पण मी काय म्हटलं? "हॅमिल्टनला कंपनीचं ट्रेनिंग आहे म्हण." ही अक्कल माझी. त्याच्यावर ढकलत नाही.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना लोसा नावाच्या सामोअन नर्सने आम्हा दोघांना समोर बसवून गोळ्यांची पिशवी उघडली. रोज दोन मोठ्या जीवनसत्त्वांच्या. कॅल्शियमच्या तीन वेळा, खडूसारख्या. लोहाची वेगळी, कॅल्शियमबरोबर नाही, चहाबरोबर तर नाहीच. आणि एक लाल, जिभेखाली ठेवायची.

"हे बघ केलेपी," लोसा म्हणाली, "पोट लहान केलंय आणि आतड्याचा रस्ता वळवलाय. कितीही चांगलं जेवलास तरी आता सगळं अंगी लागणार नाही. तेव्हा हे औषध समजू नकोस, जेवणच समज. जन्मभर."

"जन्मभर?"

"का? तू जन्मभर जगणार नाहीस का?"

केलेपी पोटाचे टाके धरून हसला. पहिले सात-आठ महिने त्याने सगळं इमानाने केलं. आठवड्याच्या वारांची प्लॅस्टिकची डबी, मोबाईलवर गजर, बसच्या शेवटच्या थांब्यावर कॅल्शियम चघळणं. वजन असं उतरलं की मला त्याच्या पँटी तीनदा आत घ्याव्या लागल्या. साखरेची औषधं सुटली. नाकाचं मशीन कपाटात गेलं. तो मुलीबरोबर नाचलासुद्धा, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. इतका आनंद झाला होता मला.

चर्चमध्ये अर्थातच सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. "काय रे, काय खातोस काय तू?"

"गोळ्या," केलेपी म्हणायचा. आता हे खोटं आहे का? नाही. खरं आहे का? तेही नाही.

एका रविवारी आत्याकडे जेवायला होतो. तिने पहाटे उठून भट्टी लावलेली, नारळाच्या दुधातलं मांस अळूच्या पानात भाजलेलं, घरभर वास. केलेपीने दोन चमचे खाल्ले आणि ताट सरकवलं. आत्याचा चेहरा पडला.

"माझ्या हातचं नको झालं का तुला?"

"तसं नाही गं आत्या. त्या गोळ्यांनी भूक मरते."

झालं! एका खोट्याला दुसरं. आत्या स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यांवर हात फिरवत म्हणाली, "मग मला दे की त्या. मला पायऱ्या चढवत नाहीत रे."

केलेपी उठला, गाडीतून महिन्याच्या बाटल्यांचं अख्खं पाकीट घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं. मी चटईच्या कडेला बसून बघत होते.

घरी येताना मी फणफणले. "आणि तुझ्या?"

"माझ्या आहेत गं. डेपोतल्या कपाटात वेगळ्या ठेवल्यात."

पुढच्या महिन्यात आत्याने पुन्हा मागितल्या. आत्या चर्चच्या बायकांच्या गाण्याची प्रमुख, तिने आपल्या बायकांना वाटल्या. मग त्या बायकाही वाट बघायला लागल्या. कोणाचंच वजन तसूभर उतरलं नाही. तक्रार आली की आत्या ठणकावून सांगायची, "दम धरा. केलेपीलाही वेळ लागला." गाणाऱ्या सगळ्या बायका माझ्या नवऱ्याचं कॅल्शियम चघळत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघून हसावं लागत होतं!

मी दर महिन्याला त्याला विचारायचे, "तू घेतोस ना?" तो म्हणायचा, "घेतो." रक्त तपासायला बोलावलं की ह्याची नेमकी ड्यूटी निघायची. आणि मी विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. न ठेवला तर आत्याशी बोलावं लागलं असतं.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवार होता. केलेपी आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला विणलेली चटई बांधून, पांढरा शर्ट घालून ऐटीत चर्चच्या पायऱ्या चढत होता. मागून कोणीतरी मोठ्याने हसलं. "केलेपी, अरे दुसरी सँडल कोणाला दान केलीस?"

सगळे हसले. केलेपीने खाली बघितलं. उजव्या पायात सँडल नव्हतीच. ती मागे, फाटकापाशी वाळूत पडलेली. तो तिथून पायऱ्यांपर्यंत अनवाणी पायाने खडीवरून चालत आला होता आणि त्याला कळलंच नव्हतं. तोही हसला सगळ्यांबरोबर. मला मात्र हसता आलं नाही, कारण हसताना तो त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत होता.

"कधीपासून?" मी चर्च सुटल्यावर विचारलं.

"थोडं बधिर वाटतं. सहा-सात महिने. बसून बसून होत असेल."

दुसऱ्याच दिवशी मी त्याला लोसाकडे ओढत नेलं. रक्त घेतलं. आठवड्याने तिने परत बोलावलं आणि कागद पुढे ठेवून विचारलं, "गोळ्या घेतोस?"

"घेतो," केलेपी म्हणाला.

"केलेपी, हे तुझं रक्त म्हणतंय की तू घेत नाहीस. मी कोणाचं खरं मानू?"

लोसाने त्याच्या पायाच्या अंगठ्यापासून नडगीपर्यंत सुई टोचत नेली. डोळे मिटून सांगायचं होतं. अर्ध्या नडगीपर्यंत तो काहीच बोलला नाही. लाल गोळीतलं जीवनसत्त्व अंगात जवळजवळ उरलंच नव्हतं, आणि त्यावाचून नसा मरत चालल्या होत्या. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू झाली.

"परत येईल का?" मी विचारलं.

"काही येतं, काही येत नाही. खोटी आशा देणार नाही. आणखी सहा महिने गेले असते तर मी एवढंही बोलले नसते."

"आणि बस?"

"पाय ब्रेकवर आहे की नाही हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात बस कशी देणार, सिसिलिया?"

गाडी मी चालवली. डेपोतल्या कपाटात काही नव्हतं, हे त्याने वाटेत सांगितलं. पहिल्या पाकिटापासूनच नव्हतं. "मला बरं वाटत होतं गं," तो म्हणाला. "साखर गेली, वजन गेलं. म्हटलं, मला आता काय गरज? आत्याचे गुडघे दुखतात." मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला जे तोंडाला येईल ते बोलले. मग मलाच रडू आलं, कारण हॅमिल्टनचं ट्रेनिंग माझ्या डोक्यातून निघालं होतं.

महिना झाला तरी तो आत्याला सांगेना. पायाला लागलं म्हणून रजा घेतलीय, एवढंच तिला सांगितलं. आणि महिनाअखेरीला तिचा फोन आला, पाकीट कधी आणतोस म्हणून. केलेपी उठून गाडीची किल्ली शोधायला लागला! एका हातात नवं पाकीट, म्हणजे त्याचे स्वतःचे पाय, मला काय म्हणायचंय ते कळतंय ना? ते पाकीट मी त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि एकटी आत्याच्या घरी गेले.

दारातच चटईवर बसले. विचारायची वाट पाहिली नाही. ऑपरेशन, हॅमिल्टन, गोळ्या कशासाठी होत्या, सँडल, सुई, बस, सगळं सांगितलं. आत्या हातातली चटई विणायची पात तशीच धरून बसली होती.

"सुरी लागली त्याच्या पोटाला?" तिने शेवटी विचारलं.

"हो. तुम्हाला कळू नये म्हणून खोटं बोललो. खोटं माझं होतं, आत्या."

"जा तू," ती म्हणाली.

केलेपी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आत्याचा चार दिवस फोन नाही. मला वाटलं, संपलं, या घराशी आपलं नातं मी तोडलं.

गुरुवारी दुपारी ती आली. टॅक्सी करून, हातात प्लॅस्टिकची मोठी पिशवी. पिशवीत बाटल्याच बाटल्या, काही अर्ध्या संपवलेल्या, काही न उघडलेल्या. सगळ्या बायकांच्या घरी स्वतः जाऊन, पायऱ्या चढून गोळा केल्या होत्या. पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि सोफ्यावर पडलेल्या केलेपीला म्हणाली, "शर्ट वर कर."

त्याने केला. पोटावर पाच बारीक खुणा, नखाएवढ्या.

"एवढंसंच?" आत्या म्हणाली. "माझ्या भावाला इथून तिथपर्यंत फाडलं होतं. एवढ्याशा भोकांसाठी अडीच वर्षं मला फसवलंस, गाढवा?"

मग आत्या सोफ्याच्या कडेला हात टेकत, कण्हत, खाली जमिनीवर बसली. त्याच्या पायाशी. मी धावले. केलेपीने घाईने पाय आखडून घेतले. आत्याने भाच्याच्या पायाशी बसायचं? आमच्यात असं कोणी कधी पाहिलेलं नाही.

"आत्या, खाली नको गं. वर बस."

"गप. पाय सरळ कर आणि डोळे मीट." तिचा आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे त्याने ऐकलं. "माझा हात लागतोय का, सांग."

"लागतोय, आत्या," केलेपी म्हणाला.

"अजून लावलाच नाही मी."

त्याने डोळे उघडले नाहीत, पण ते पाझरायला लागले. मग आत्याने त्याचे दोन्ही तळवे हातांत धरले, इतके घट्ट की तिची बोटं पांढरी पडली.

"आता?"

केलेपीने डोळे आणखी घट्ट मिटले.

"नाही," केलेपी म्हणाला. "नाही लागत, आत्या. काहीच नाही लागत."

"हे 'नाही' मी गोळ्या मागितल्या तेव्हा म्हणायचं होतंस रे, बाळा," आत्या म्हणाली, आणि त्याचे पाय तिने सोडले नाहीत.