गुळवेलीवरचे पतंग

धाकटा भाऊ बार्शीटाकळीहून आमच्या राजापेठेतल्या घरी आला तो पेढ्यांचा खोका घेऊन. मी हावरटासारखं झाकण उघडलं, तर आत मेलेले पतंग.

“हे पाह्य बाई. हेच पाखरं आमची संत्री भोसकून राहिले. तू तर कॉलेजात हेच शिकवते ना? सांग मले, कोणते हायेत हे.”

त्याच्या बागेत फळाला सुईच्या टोकाएवढं भोक पडायचं, भोवती मऊ तपकिरी डाग धरायचा, आणि फळ गळायचं. हे रस शोषणारे पतंग. गंमत अशी, की त्यांच्या अळ्या संत्र्याच्या झाडाला तोंडही लावत नाहीत. त्या वाढतात वेलींवर, वासनवेल नाहीतर गुळवेल. हे भावाला कृषीवाल्यांनी सांगितलंच होतं. त्याने बांधाधुऱ्यावरची सगळी वासनवेल उपटून जाळली. फळं गळायची थांबली नाहीत.

“अन् गुळवेल?” मी विचारलं.

“ते तं विहिरीजवळच्या निंबावर हाय. मायची.” मग जरा चिडून, “औषध कुठं तण असते काय वं?”

ही चूक आमच्याकडे कोणीही करेल. ज्याचा काढा पितो ते उपटायच्या वेलीत मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आईची तर श्रद्धाच. गुळवेल घ्यावी ती कडुनिंबावर चढलेलीच, बाकीची म्हणजे नुसता पाला. कोरोनात ती तापाने फणफणली होती, दवाखान्यातून बरी होऊन आली, आणि श्रेय सगळं गुळवेलीला. सलाईनचं नावही ती घेत नाही. तेव्हापासून दारी येईल त्याच्या हातावर ती गुळवेलीचा तुकडा ठेवायची, निंबाखाली लाव म्हणून.

“तू म्हणशील तं तोडतो,” भाऊ म्हणाला. “मायले मी नाई सांगू शकत.”

वा रे वा. कुऱ्हाड त्याची अन् नाव माझं!

खोक्यातल्या पतंगांवरून काही सांगणं कठीण होतं. या पतंगांच्या दोन जाती, बहिणीबहिणी म्हणा ना. दोघींचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, मागचे नारिंगी. फरक मागच्या पंखावरच्या काळ्या खुणेत. एकीची गोल, टिकलीसारखी. दुसरीची वाकडी, काजूसारखी. पण मोटारसायकलच्या डिकीत हादरे खाऊन पंखांवरची पूड झडली होती. अळ्या पाहाव्यात तर त्या दोघींच्याही कधी हिरव्या, कधी काळ्या. पुस्तकं म्हणतात, दोघीही दोन्ही वेली खातात. म्हटलं, पुस्तकं गेली उडत, आपल्या बागेत कोण काय खातं ते पाहू. त्याला एकच उपाय, अळ्या घरी आणून वाढवायच्या.

रविवारी गावी गेले. थोड्या अळ्या नाल्याकाठच्या वासनवेलीवरून घेतल्या, थोड्या आईच्या गुळवेलीवरून. आई बाजेवर बसून पाहत होती.

“काय करून राहिली वं त्या अळ्याईचं?”

“ओळखून राहिली.”

“अन् ओळखून काय सोयरीक करतं त्याईची?” असं म्हणत तिनेच लोणच्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन दिल्या. उत्तर गुळवेल आलं तर तिचीच वेल तुटेल, हे मी सांगितलं नाही.

खरं सांगते, मला उत्तर वासनवेल हवं होतं. ती बेवारस वेल, तिच्यासाठी कोण रडणार? लहानपणी आम्ही तिचा पाला पाण्यात कुस्करून ठेवायचो, घट्ट वडी व्हायची. एवढाच तिचा माझा संबंध. वर्गात मी मुलांना दरडावून सांगते की उत्तर आधी ठरवायचं नाही. घरी मात्र रोज सकाळी वासनवेलीच्या बरणीकडे आधी बघायचे.

यथावकाश दोन्ही बरण्यांतून पतंग निघाले. वासनवेलीच्या बरणीतले टिकलीवाले, गुळवेलीच्या बरणीतले काजूवाले. आता नेमकं काय शोधायचं ते कळल्यावर भिंग घेऊन खोक्यातले झिजलेले पंख पुन्हा पाहिले. झडलेल्या पुडीखालीही वाक दिसत होता. सगळे काजूवाले. मला फार वाईट वाटलं.

गावी जाऊन आईला समोर बसवून सांगितलं.

“म्हणजे माह्या वेलीनं माह्याच लेकराचा बगीचा खाल्ला.”

“वेलीनं नाही, तिच्यावरच्या अळ्यांनी—”

“आपलेच दात अन् आपलेच ओठ,” ती म्हणाली आणि उठली. भाऊ कुऱ्हाड आणेपर्यंत तिने विळ्याने बुंधा कापलाही होता. मुळं खणून काढायला लावली, लोंबणारं सगळं ओढून जाळायला लावलं, कारण गुळवेल हवेत लटकूनही जगते. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

पुढच्या पंधरवड्यात भावाचा फोन, आवाज चढलेला. “फळं अजून गळूनच राहिले! काय शिकवतं तू पोराईले?”

मी गेले. बागेच्या फाटकातून गावाकडे नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. शाळेचा निंब, देवळामागचा निंब, घरोघरचे निंब, प्रत्येकावर तीच पानं. सगळी आईच्या हातची.

आईला हे माझ्याआधी उमगलं होतं. ती घरात नव्हती. दिलेली वस्तू परत मागू नये असं आम्हाला शिकवणारी ही बाई त्या सकाळी पदर खोचून शेजारणीकडे वेल तोडायला सांगायला गेली होती. मी मागोमाग पोचले तर शेजारीण तिला बोलूच देत नव्हती.

“आयकलं मी काकू, तुमची वेल गेली म्हणून. थांबा, रिकाम्या हातानं जायचं नाई. तुमीच देल्ली होती, माहा माणूस वाचला.” तिने गुळवेलीचे चांगले जाड तुकडे तोडले आणि आईच्या पदरात घातले. आई तो पदर सावरत घराकडे वळली.

घरी ओट्यावर भाऊ बसला होता. आईने त्याच्यापुढे पदर सोडला, अन् म्हणाली, “नाई बोलता आलं रे मले.” त्याने तुकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी प्राणिशास्त्राची बाई, काहीतरी बोलायला हवं होतं. मी तुकडे मोजत बसले.

“लावून टाक मंग,” तो म्हणाला. “साऱ्या गावाच्या निंबावर हाय, तं तुह्याच निंबाले काहून नाई?”

खड्डा त्यानेच खणला. दिवस कलल्यावर तो पतंग हुसकायला धूर करायला बागेत निघाला, आणि आई त्याच्यामागे गोवऱ्यांची पाटी घेऊन.